दुजोरा

"आठवून बघा," सरोज मेथी निवडता निवडता म्हणाली, "सातवी-आठवीत बिडी वगैरे?"

"नाही."

"कुणाची पेन्सिल चोरली?"

"माझीच चोरीला जायची."

"लग्नाआधी कुणी मुलगी?"

मी गप्प बसलो. या गप्प बसण्यातून काही निष्पन्न होईल अशी मला थोडी आशा होती. पण सरोजने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती पुन्हा मेथीकडे वळली. बारा वर्षांच्या संसारानंतर तिचा माझ्याविषयी कसलाही गैरसमज उरलेला नव्हता.

"एकदा तुम्ही एसटीने बिनतिकिटाचे राहुरीला गेला होतात," ती म्हणाली.

"कंडक्टर माझ्यापर्यंत आलाच नाही. गर्दी होती."

"मग ते कंडक्टरचं पाप."

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, मिशनच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होतो आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत संडेस्कूलचा मुख्य होतो. माझा आवाज चांगला, उच्चार स्वच्छ, उंची पाच फूट दहा इंच. दरवर्षी नगरच्या मैदानावर तीन दिवसांची मोठी संजीवन सभा भरायची. पाच हजार माणसं, मांडव, कर्णे, लांबून आलेले उपदेशक. शेवटच्या संध्याकाळी वेगवेगळ्या गावांच्या मंडळ्यांतून निवडलेले पाच जण व्यासपीठावर साक्ष द्यायचे. साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कुठून उचललं आणि कुठे आणून ठेवलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. ज्याची साक्ष गाजली त्याला पुढे सोलापूर, जालना, पार नागपूरपर्यंत बोलावणी यायची. मासिकात फोटो छापून यायचा. मला तो फोटो हवा होता. प्रभूच्या गौरवासाठीच, पण फोटो माझा.

अडचण एकच. देवाने मला कुठूनच उचललेलं नव्हतं. मी ख्रिस्ती घरात जन्मलो, चौथ्या वर्षी संडेस्कुलात गेलो आणि तिथेच राहिलो. मागच्या वर्षी गाजलेली साक्ष एका माजी दरोडेखोराची होती. त्याच्या आदल्या वर्षी एका बाईने सासूला विहिरीत ढकलल्याचं सांगितलं होतं; सासू वाचली आणि दोघी मिळून सभेला आल्या होत्या. अशा माणसांसमोर मी काय सांगणार? संडेस्कुलात शिकवायला लागल्यापासून एकोणीस वर्षांत एकही रविवार चुकवला नाही?

निवडीसाठी तीन जणांची समिती येत्या रविवारी आमच्या उपासनेला येणार होती. त्या दिवशी चार जण साक्ष देतील, त्यातला एक नगरला जाईल. पाळकसाहेबांनी यादीत माझं नाव पहिलं घातलं होतं.

"नाहीतर खरं तेच सांगा," सरोज म्हणाली. "सांगा की, मी पहिल्यापासून असाच आहे."

त्याच वेळी दारात दादा उभा राहिला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ शमुवेल. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. गावाच्या दुसऱ्या टोकाला, डेपोच्या मागे दोन खोल्यांत एकटाच राहायचा. अठरा वर्षं तो प्यायला. गावात असं एकही गटार नव्हतं ज्याने त्याला पाहिलेलं नव्हतं. मग त्याची बायको मार्थावहिनी लेकीला, रूथला घेऊन श्रीरामपूरला गेली आणि तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. त्यानंतर काही महिन्यांनी दादाने दारू सोडली. सोडून तीन वर्षं झाली होती. पण तोवर मंडळीला त्याच्याकडे न बघण्याची इतकी सवय झाली होती की, शुद्धीवर असलेला दादा कुणाच्या लक्षातच आला नाही.

"शांत्या, एक काम होतं," तो चपला काढून खाली बसत म्हणाला. माझं नाव शांतवन. शांत्या म्हणणारा जगात तो एकटाच. "मला एक साक्ष लिहून दे."

"तुला?"

"पाळकसाहेबांना विचारलं. चौथं नाव घातलंय माझं. मला नगरला-बिगरला नाही जायचं. मार्था येतेय रविवारी."

सरोजचे हात थांबले. "वहिनी येतायत?"

"येते म्हणालीय. मी पत्रात सगळं कळवलं होतं तिला, कशी सोडली, काय झालं. ती म्हणते, कागदावर कुणीही लिहितं. आणि घरात कबूल केलेलं मी शंभरदा ऐकलंय. मंडळीसमोर उभं राहून, सगळ्यांच्या तोंडावर खरं सांगा. तसं केलंत तर बॅग घेऊनच येते, परत जायची नाही." त्याने सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. "मला बोलता येत नाही रे. तू लिहून दे, मी वाचतो. इंजिनाचं मॅन्युअल वाचतो तसं."

मी वही घेतली. मंडळीतल्या निम्म्या साक्षी मीच लिहून दिलेल्या असायच्या, त्यामुळे हात तयार होता. दादा सांगत गेला.

रूथच्या दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीत रीतसर सामील व्हायचा रविवार. चौदा वर्षांची पोर, पांढरा फ्रॉक. दादाने तिच्यासाठी घड्याळ घेतलेलं. घरातून निघाला तो आधी गुत्त्यावर गेला, आणि तिथून जो निघाला तो पलीकडच्या रस्त्यावरच्या कॅथलिक चर्चमध्ये शिरला. तिथेही त्या दिवशी पांढऱ्या फ्रॉकातल्या मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांचा पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा दिवस होता. दादा पुढच्या बाकावर जाऊन बसला आणि हुंदके देऊन रडला.

"पोरगी जरा बारकी वाटली मला," तो म्हणाला. "पण म्हटलं, देवाच्या घरात गेलं की माणूस बारकंच दिसत असेल."

उपासना संपल्यावर त्याने एका आठ वर्षांच्या अनोळखी मुलीच्या मनगटावर घड्याळ बांधलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि घरी येऊन झोपला. इकडे आमच्या चर्चमध्ये रूथ दाराकडे बघत उभी होती. त्या आठवड्यात वहिनी गेली.

"मग?" सरोजने विचारलं. मेथी तशीच पडली होती.

"मग चार महिन्यांनी तो आला. त्या पोरीचा बाप. त्रिभुवन म्हणून शिंपी. माझ्या खाकी शर्टावरचं नाव लक्षात ठेवून डेपोत विचारत विचारत आला, घड्याळ परत द्यायला. मला वाटलं, शिव्या देणार. तो म्हणाला, माझ्या पोरीसाठी तुम्ही जेवढे रडलात तेवढा मीसुद्धा रडलो नव्हतो. मग त्यानेच स्टोव्ह पेटवून चहा केला. माझ्या घरी चहा कुठे काय, त्याला सापडेना. सांगितलं काहीच नाही. सोड नाही, धर नाही. पुढच्या आठवड्यात परत आला. मग येतच राहिला. तो यायचा त्या दिवशी मला प्यायची लाज वाटायची. मग आदल्या दिवशी पण वाटायला लागली. अशी वाढत गेली."

"कुठे असतो तो?"

"गेला मुंबईकडे, मेव्हण्याच्या दुकानात. सुटली माझी, त्याच्यानंतरच गेला."

मी लिहून दिलं. दोन पानं झाली. दादाने ती चार घड्या करून वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबत गेला.

मी वहीतली कच्ची प्रत पुन्हा वाचली. अशी साक्ष मी एकोणीस वर्षांत ऐकली नव्हती. चुकीचं चर्च, चुकीची मुलगी, घड्याळ. आणि तो शिंपी! काय केलं होतं त्याने? नुसता जाऊन बसला होता. ते तर कुणालाही जमलं असतं. मलाही जमलं असतं. त्या दिवसांत संडेस्कूलच्या मुख्यपदाची निवड होती आणि दादाच्या घरी जाणं तितकंसं बरं दिसलं नसतं, एवढंच.

"काय विचार करताय?" सरोजने विचारलं.

"काही नाही. चांगलं झालंय."

"त्यांचं," सरोज म्हणाली.

रविवारी चर्च भरलं होतं. समितीचे तिघे पुढच्या बाकावर. त्यांचे अध्यक्ष रणनवरे साहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, खादीचा सूट, हातात घड्याळ काढून धरलेलं. चौथ्या ओळीत दादा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याच्या शेजारी मार्थावहिनी, ताठ बसलेली, पायाशी निळी बॅग. चार वर्षांत पहिल्यांदा ती दोघं एका बाकावर बसली होती आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडली होती.

"बंधू शांतवन मकासरे," पाळक ओहोळ साहेबांनी पुकारलं.

मी वर गेलो. "प्रियांनो," मी सुरुवात केली, "मी ख्रिस्ती घरात जन्मलो." पहिल्या मिनिटाला लहान मुलं बाकाखाली शिरली. दुसऱ्या मिनिटाला स्त्रियांच्या बाजूला पंखे हलायला लागले. तिसऱ्या मिनिटाला मी एकोणीस वर्षांच्या हजेरीवर आलो तेव्हा रणनवरे साहेबांनी डोळे मिटले. ते प्रार्थना करत असतील असं मला वाटून घ्यायचं होतं, पण त्यांची मान पुढे गेली आणि दचकून मागे आली.

मला नगरचं मैदान दिसलं. त्यात मी नव्हतो.

मग मी म्हणालो, "पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट प्रभूने माझ्या सख्ख्या भावाच्या दारात माझ्याकडून करून घेतली."

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत पुढचं वाक्य मला माहीत नव्हतं. पण ते आलं. मग त्याच्या पुढचंही आलं. दादाचं गुत्त्यावर जाणं, चुकीचं चर्च, अनोळखी मुलीच्या मनगटावरचं घड्याळ. चर्चमध्ये इतकी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. मी घड्याळ शोधून काढलं. मी ते घेऊन दादाच्या दारात गेलो. त्याच्या घरी चहाची पूड मला सापडेना. मी काहीच बोललो नाही, नुसता बसलो. आठवड्यानंतर आठवडे बसलो. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मागून कुणीतरी मोठ्याने आमेन म्हटलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. मी इतका चांगला भाऊ आहे हे मला त्या दिवशीच कळत होतं.

मी थांबलो. रणनवरे साहेब टक्क जागे होते.

खाली उतरायला पाऊल उचललं, तेवढ्यात ते उभे राहिले. "एक मिनिट. समितीचा नियम आहे."

हा नियम मी विसरलो होतो. दोन वर्षांपूर्वी एका बंधूंनी व्यासपीठावर सांगितलं होतं की, मला डॉक्टरांनी मृत घोषित केल्यावर मी उठून बसलो. ते डॉक्टर श्रोत्यांत होते आणि त्यांनी उभं राहून सांगितलं की, मी यांचा फक्त दात काढला होता. तेव्हापासून नियम झाला होता. साक्षीत ज्याचं नाव आलं तो हजर असेल, तर त्याने तिथल्या तिथे दुजोरा द्यायचा.

"बंधू शमुवेल मकासरे हजर आहेत?"

दादा उभा राहिला. त्याचा हात खिशावर होता. खिशात माझ्याच अक्षरातली दोन पानं होती.

"आपल्या बंधूंनी सांगितलं ते खरं आहे? हेच तुमच्या घरी येत होते?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी व्यासपीठावर उभा होतो, एक पाय पायरीवर. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बस बंद पडल्यावर तो बॉनेट उघडून आत बघतो, तसा तो बघत होता. कुठे काय तुटलंय आणि आता या घटकेला गाडी कशी हलवायची.

"हो," तो म्हणाला. "हाच यायचा."

"दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला. चहा करायचा."

चर्चमध्ये एक मोठा सुस्कारा फिरला. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "शमुवेल, यादीत तुमचंही नाव आहे."

"भावाने सांगितलं सगळं," दादा म्हणाला. "आता काय राहिलं?" आणि खाली बसला.

मार्थावहिनी समोर बघत होती. तिने बॅग उचलून मांडीवर घेतली.

उपासना सुटली तेव्हा रणनवरे साहेब माझे दोन्ही हात हातात घेऊन बोलत होते. पाळकसाहेब बोलत होते. कोणीतरी माझी वर्तमानपत्रातल्यासारखी मुलाखत घेत होतं. त्या घोळक्यातून मला दिसलं की, निळी बॅग फाटकातून बाहेर चालली आहे, तिच्यामागे दादा, आणि दादाच्या मागे सरोज.

सरोज दोन तासांनी घरी आली. ताट वाढलं.

"वहिनी थांबल्या नाहीत?"

"दोनच्या गाडीने गेल्या."

"का?"

तिने आमटीची वाटी माझ्यासमोर ठेवली. "म्हणाल्या, दारू सुटली असेल. खोटं बोलणं आहे तसंच आहे. पूर्वी पिऊन बोलायचे, आता शुद्धीत बोलतात. सगळ्यांसमोर उभं राहून, आवाज न कापता."

"पण वहिनींना काय माहीत की ते..."

"त्यांना शिंपी माहीत आहे. पत्रात होता. आणि तुम्हीही माहीत आहात." सरोज समोर बसली. "त्या एकदा दुपारच्या आपल्या दारात आल्या होत्या, आठवतं? जायच्या आधी. म्हणाल्या, भाऊजी, चला घरी, तुमचं तरी ऐकतील. तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, मी प्रार्थना करतो. आणि वहिनी म्हणाली होती, ती मीही करते, भाऊजी, तुम्ही चालत या. त्या आठवड्यात मुख्यपदाची निवड होती.

"दादाने नाही म्हणायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

"काय नाही म्हणायला? माझा भाऊ खोटारडा आहे म्हणून? भर मंडळीत?" ती उठली. "जेवा. आणि आता काही शोधत बसू नका. इतके दिवस सापडत नव्हतं, ते सापडलं तुम्हाला. चांगलं मोठं आहे."

संध्याकाळी मी दादाकडे गेलो. त्याच्या घरी मी सात वर्षांनी जात होतो. दार डावीकडे उघडतं की उजवीकडे हेही लक्षात नव्हतं. तो ओट्यावर बसून सायकलच्या चाकाच्या तारा ताणत होता. खोली झाडलेली होती. पलंगावर नवी चादर होती, घडी न मोडलेली.

"'हो' का म्हणालास?"

"तू वर उभा होतास ना," तो चाकाकडे बघत म्हणाला. "एवढी माणसं. तुला तिथून खाली कसं उतरवू? लहानपणी झाडावरून उतरवायचो ते निराळं."

"आणि वहिनी?"

"स्टँडवर सांगितलं तिला मी, खरं काय ते. म्हणाली, मग हे तिथे का नाही बोललात? मंडळीसमोर खरं बोला एवढंच मागितलं होतं मी." त्याने चाक फिरवून बघितलं. अजून लचकत होतं. "बरोबरच आहे तिचं."

"मी पाळकसाहेबांना सांगतो."

"काही सांगू नकोस. नाव लागलंय तुझं, जाऊन ये नगरला. लहानपणापासून तुला स्टेज आवडतं." आणि मग, चाक भिंतीला टेकवून, "चहा घेणार? मी करतो. पूड कुठे आहे ते मला माहीत आहे."

हे तो टोमणा म्हणून बोलला नव्हता. दादाला टोमणे येत नाहीत. म्हणूनच ते मला पुढचे दहा दिवस ऐकू येत राहिलं.

दहा दिवस, कारण मी लगेच काही केलं नाही. मध्यंतरी सभेची पत्रकं छापून आली. मी स्टुडिओत जाऊन फोटो काढून दिला होता. पत्रकावर पाच जणांत माझा फोटो सगळ्यात स्वच्छ आला होता. तो सरोजने पाहिला, "टाय कुणाचा?" एवढंच विचारलं आणि पत्रक फडताळात कागद म्हणून अंथरलं. अकराव्या दिवशी मी शाळेत रजा टाकून श्रीरामपूरच्या गाडीत बसलो.

वहिनी ड्यूटीवरून आली होती आणि दुसऱ्या दिवशीचा गणवेश इस्त्री करत होती. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. रूथ आत अभ्यास करत होती. मी सगळं सांगितलं. निवड, फोटो, रणनवरे साहेबांची पेंग, शिंप्याच्या जागी मी कसा जाऊन बसलो. दादा खोटं स्वतःसाठी बोलला नाही, माझ्यासाठी बोलला. त्या दुपारी ती दारात आली होती आणि मी का गेलो नाही, तेही सांगितलं. व्यासपीठावर मला अर्धा तास लागतो. इथे पाच मिनिटांत संपलं.

वहिनीने बाही उलटवली. "हे मंडळीसमोर सांगाल?"

"सांगेन," मी म्हणालो, आणि माझ्या आतमध्ये काहीतरी एकदम उजळलं. "नगरलाच सांगतो, वहिनी! पाच हजार माणसांसमोर. मी खोटी साक्ष दिली हीच माझी साक्ष. आजवर कुणीच असं..."

मी थांबलो, कारण वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली होती.

"बघा," ती शांतपणे म्हणाली, "तुमचे डोळे कसे चमकायला लागले."

मी रुमाल काढून डोळे पुसले.

"तुम्ही तिथे रडाल. लोकं रडतील. मग तुम्हाला सोलापूरचं बोलावणं येईल. दरवेळी हे गटारात पडणार आणि दरवेळी तुम्ही रडणार. नको, भाऊजी."

"मग मी काय करू?"

"नाव मागे घ्या."

"घेतो. काय कारण लिहू?"

"कारण लिहायचं नाही. कुणाला सांगायचं पण नाही. पाळकसाहेबांना नाही, कुणालाच नाही."

"पण वहिनी, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील," ती म्हणाली आणि इस्त्री पुन्हा उचलली. "ह्यांना अठरा वर्षं म्हणाले. तुम्ही त्यांतलं एखादं वर्ष वाटून घ्या."

मी निघालो तेव्हा तिने आतून रूथला हाक मारली. "काकांना स्टँडपर्यंत सोडून ये. आणि विचार, कॉलेज जूनमध्ये कधी उघडतं तिकडचं."

मी दोन ओळींचं पत्र दिलं. सभेतून माझं नाव मागे घेत आहे, क्षमा असावी. त्याच संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले.

"तब्येत?"

"बरी आहे."

"घरात काही?"

"नाही."

"मग कारण काय, मकासरे? पत्रकं छापली गेली."

मी खाली बघितलं. कारण नसताना खाली बघणं फार अवघड असतं. मी ते प्रामाणिकपणे केलं. पाळकसाहेब जरा जवळ सरकले आणि एक खोल श्वास घेतला. मला वाटलं, दुःखाने घेतला. नंतर कळलं, वास घेतला.

रविवारपर्यंत मंडळीला सगळं उमगलं होतं. भावाची दारू सोडवता सोडवता मकासरे सरांनाच लागली. दर आठवड्याला जायचे ना तिकडे? नुसता चहा पिऊन कुणी दोन-दोन तास बसतं का? कोणीतरी मला कामाच्या दिवशी श्रीरामपूरच्या स्टँडवर लाल डोळ्यांनी उभं राहिलेलं पाहिलं होतं. पाहिलं होतं हे खरं होतं. मी ज्या गोष्टीसाठी खोटं बोललो होतो, तिच्याच जोरावर ते सगळं इतकं चोख जुळत होतं की, मलाही कुठे खोडता येईना. संडेस्कूलमधून मला विश्रांती देण्यात आली. प्रभुभोजनात आमच्याकडे द्राक्षाचा रस असतो, त्यात काहीच नसतं. तरीही माझ्या हातात प्याला देताना चर्चचा कारभार बघणारी वडीलमंडळी जरा अर्धाच भरून देऊ लागली. आजही देतात. नगरला आमच्या मंडळीतर्फे एका भगिनीला पाठवलं. तिने साक्ष चांगली दिली, असं म्हणतात. तिचा फोटो आला.

एका गोष्टीचं मला नवल वाटलं. सरोज कुणालाच काही बोलली नाही. बायका सांत्वनाला यायच्या, "कधीपासून हो?" म्हणून विचारायच्या, आणि ती म्हणायची, "चालायचंच." रात्री मला ताट वाढताना मात्र ती चार वर्षांत नव्हती इतकी खुशीत असायची.

मेच्या शेवटी वहिनी आली. रूथ आली, निळी बॅग आली, आणखी दोन ट्रंका आल्या. दादाने चादरीची घडी मोडली.

जूनमधल्या एका दुपारी दार वाजलं. दादा होता. हातात पाना आणि तेलाची छोटी बुदली.

"पाळकसाहेबांनी पाठवलंय," तो म्हणाला. "म्हणाले, शमुवेल, तुम्हाला या वाटेचा अनुभव आहे. दर आठवड्याला जाऊन भावाजवळ बसत जा. उपदेश करू नका, नुसतं बसा."

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. दुसऱ्यांदा बोललो खोटं. मार्थाला विचारून बोललो या खेपेला." त्याने वर बघितलं. "तुमचा पंखा किती कुरकुरतोय. स्टूल दे."

त्याने पंख्याला तेल घातलं. पुढच्या आठवड्यात येऊन कुकरचं हँडल बसवलं. मग सायकल, मग मोरीचा नळ. आम्ही फारसं बोलत नव्हतो. लहानपणीही बोलत नव्हतो. तो काही दुरुस्त करायचा आणि मी शेजारी बसून त्याला पाने द्यायचो, चुकीचे.

दोनेक महिन्यांनी तो मोरीपाशी उकिडवा बसला होता. हात पुसत म्हणाला, "पाळकसाहेब विचारत होते. अहवाल पाहिजे म्हणे, वडीलमंडळींच्या बैठकीला. काय सांगू तुझं?"

"सांग, बरीच सुधारणा आहे म्हणून."

दादाने नळ उघडला, बंद केला, गळतो का बघितलं. मग माझ्या हातातला पाना घेऊन पिशवीत टाकला.

"इतक्यात नको," तो म्हणाला. "तू सुधारलास की माझं येणं बंद करतील."